न जोडलेली तार

घराणं उभं राहतं ते मूळ पुरुषाच्या दूरदृष्टीवर. असं चौकशीने आपल्या प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, आणि ती अर्पणपत्रिका घरातल्या सगळ्यांनी वाचली होती, कारण ती पहिल्याच पानावर होती. पुढची तीनशे बेचाळीस पानं कोणी वाचली नव्हती. शनिवारी सकाळी जे झालं ते एवढ्यामुळेच झालं.

चौकशी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. चार वर्षांची असताना ती तळमजल्यावरच्या कारखान्यात कामगारांच्या पायांत पायांत फिरून प्रत्येक वस्तूपाशी थांबे आणि 'हे असं का?' म्हणून विचारी. तेव्हा आजोबांनी तिला स्टेशनवरच्या खिडकीचं नाव देऊन टाकलं. फरक इतकाच, की त्या खिडकीपाशी लोक विचारतात आणि खिडकी गप्प बसते. इथे खिडकीच विचारत होती. आता एकोणपन्नासाव्या वर्षी ती विद्यापीठात शिकवत होती, नावामागे डॉक्टर लागलं होतं, आणि घरी ती चौकशीच होती.

तिचा विषय काय, हे घरात कोणालाही धड सांगता येत नसे, आणि विद्यापीठातली परिस्थिती फारशी निराळी नव्हती. सुरुवात समाजशास्त्रात झाली. माणसं वाट कशी बघतात, यावर तिला काम करायचं होतं. समाजशास्त्राचे प्रमुख म्हणाले, बाई, माणसं ठीक आहेत, पण तुमचं लक्ष सारखं बटणांकडे जातं. तुम्ही डिझाइनकडे जा. डिझाइनवाल्यांनी तिला दोन वर्षं ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, की तुम्हाला बटण देखणं करण्यात रस नाही, ते चालतं कसं यात आहे. अभियांत्रिकीत विचारून बघा. अभियांत्रिकीतल्या शिपायाने तिला दारातच विचारलं, रस्ता चुकलात का. तरी तिन्हीकडे तिने तास घेतले, तिन्हीकडची पोरं घडवली, आणि तिन्हीकडे तिला अर्धं अर्धं टेबल मिळालं. या तीन अर्ध्यांची बेरीज दीड व्हायला हवी होती. ती शून्य होत होती.

बावीस वर्षांत तिने पुष्कळ वस्तूंचा पिच्छा पुरवला. रस्ता ओलांडायच्या खांबावरचं बटण, रुग्णालयातला नंबर दाखवणारा फलक, बँकेत टोकन देणारं यंत्र. पण नाव झालं ते पहिल्या वस्तूने, आणि ती वस्तू घरातलीच होती.

आजोबांचा धंदा लिफ्टचा. इमारत चार मजली. खाली कारखाना, पहिल्या मजल्यावर वहिनीचा दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर दादा-वहिनी, तिसऱ्यावर चौकशीचे वडील अप्पा आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, आणि चौथ्यावर भाडेकरू म्हणून आलेले पण आता घरच्यांपेक्षा जास्त हक्क गाजवणारे निवृत्त न्यायाधीश. शेहेचाळीस वर्षांपूर्वी आजोबांनी या इमारतीत आपली पहिली लिफ्ट बसवली. तिचं दार सात सेकंदांनी आपोआप मिटे. आत 'दार बंद' असं एक बटण होतं. ते दाबलं की त्यामागचा पिवळा दिवा लागे, आणि दार सात सेकंदांनी मिटे. न दाबलं तर दिवा लागत नसे, आणि दार सात सेकंदांनीच मिटे. बटणाची तार दिव्यापर्यंत आली होती. तिथून पुढे ती कुठेच गेली नव्हती.

माणसं तरी ते दाबत. चौकशी अकरा महिने त्या लिफ्टमध्ये घडीच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. तिने शोधून काढलं, की बटण दाबणाऱ्याला सात सेकंद चारच वाटतात, आणि न दाबणाऱ्याला अकरा. वहिनीचे पेशंट वर येताना बटणाला हात लावत नाहीत आणि खाली जाताना एकही जण ते सोडत नाही. न्यायाधीश, म्हणजे प्रबंधातले 'प्रवासी क्रमांक सात', नेहमी तीनदा दाबतात, आणि तिसऱ्या वेळेमुळेच दार मिटतं अशी त्यांची खात्री आहे. 'प्रवासी क्रमांक दोन', म्हणजे अप्पा, बटण कधीच दाबत नाहीत. याला तिने 'आत्मसंयम' असं उपशीर्षक दिलं होतं.

आणि मग तिसरं प्रकरण. साठ पानांचं. त्यात तिने सिद्ध केलं होतं, की आजोबांनी हे मुद्दाम केलं. उतावळ्या माणसाच्या बोटाला काम दिलं, की त्याचं डोकं शांत राहतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पान अठ्ठ्याऐंशीवर फोटो होता: तारेचं टोक काळ्या कापडी पट्टीने इतकं निगुतीने गुंडाळलेलं, की हे विसरभोळ्या माणसाचं काम नव्हे. शिवाय पुढच्या झाडून सगळ्या लिफ्टमध्ये आजोबांनी ते बटण जोडलं होतं. म्हणजे फक्त स्वतःच्या घरात न जोडणं हा प्रयोगच असणार. हा पुरावा कोणालाही उलटा वाचता आला असता. परीक्षकांनी तो सुलटा वाचला, कारण त्यांच्यापैकी कोणी कधी लिफ्ट जोडली नव्हती.

यंदा तिन्ही विभागांनी मिळून एक केंद्र काढायचं ठरवलं. समाज, डिझाइन आणि तंत्रज्ञान एकाच छपराखाली. प्रमुखपदासाठी तिचं एकटीचंच नाव होतं, कारण तिन्ही विभागांतून हाकललेली दुसरी व्यक्ती उपलब्ध नव्हती. समितीत तिघे. त्यातल्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी फाइलवर शेरा मारला: या बाईंचं सगळं काम एका बटणावर उभं आहे, तेव्हा ते बटण मी स्वतः पाहीन. पाहून शेरा मागे घेतला तर केंद्र. नाहीतर केंद्र कपाटात, आणि चौकशी निवृत्त होईपर्यंत तीन अर्ध्या टेबलांवर.

समिती शनिवारी दुपारी चारला येणार होती.

चौकशी सकाळी साडेनऊलाच आली. काखेत तक्त्यांचे तीन मोठे पुठ्ठे होते. ती लिफ्टमध्ये शिरली, सवयीने 'दार बंद' दाबलं आणि पुठ्ठे आत ओढायला वाकली. हाताशी सात सेकंद आहेत, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. दार एका सेकंदात मिटलं आणि मधल्या पुठ्ठ्याला चावलं.

ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग पुठ्ठा सोडवला, दार उघडू दिलं, पुन्हा बटण दाबलं. दार पुन्हा मिटलं. बावीस वर्षांत ज्या बटणाने तिचं कधी काही ऐकलं नव्हतं, ते आज सांगितल्या कामाला लागलं होतं. ती दुसऱ्या मजल्यावर बाहेर पडली तेव्हा दादा दार उघडं टाकून तिची वाटच बघत होता. हातात स्क्रूड्रायव्हर, चेहऱ्यावर वाढदिवसाला भेट लपवलेल्या माणसाचं हसू.

"कळलं?" त्याने विचारलं.

"कोणी जोडलं?"

"मी. आणखी कोण जोडणार? काल संध्याकाळी. चाळीस मिनिटांचं काम. शेहेचाळीस वर्षं पडून होतं."

चौकशी जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली. ती रागावली तर तिचा आवाज खाली जातो, हे दादाला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तिने इतक्या हळू 'का' विचारलं, की त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून दिला.

त्याचं कारण त्याच्या दृष्टीने सरळ होतं. लिफ्टवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीत बावीस वर्षं लोक त्याला विचारत आले होते, की काय हो, तुमच्या बिघाडावर तुमच्या बहिणीने डॉक्टरकी मिळवली म्हणे? तो हसून सोडून द्यायचा. शेजारच्या चार गल्ल्यांतल्या लिफ्ट तो सांभाळत होता आणि त्याच्या स्वतःच्या घरात बंद बटण. बहिणीसाठी त्याने तेही सोसलं. पण आता इंजिनिअर येणार होता. समाजशास्त्रवाला काय, त्याला दिवा लागला तरी पुरे. इंजिनिअर पॅनेल उघडणार. त्याच्यासमोर तुझी मान खाली जायला नको, म्हणून जोडलं, असं तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

"प्रबंध वाचलायस तू?"

"वाचला की," दादा म्हणाला. "अकराव्या पानापर्यंत. तिथे तळटिपा सुरू झाल्या."

वहिनी खालून दोन पेशंटच्या मधल्या फटीत वर आली होती. मास्क हनुवटीखाली, हातमोजे काढलेले. तिने दोन वाक्यांत प्रकरण ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे बघितलं. एरवी भावा-बहिणीच्या भांडणात ती नवऱ्याच्या बाजूने असे. गेल्या वर्षी इमारतीच्या गच्चीवरून झालेल्या वादात तिने चौकशीशी तीन महिने अबोला धरला होता. पण अडाणीपणाला तिच्याकडे भूल देण्याची सोय नव्हती.

"अहो, संग्रहालयातलं फुटकं भांडं तुम्ही डाख लावून आणलंत," ती म्हणाली. "वर पाणीही भरून ठेवलंत."

"पोराने चांगलंच केलंय," असं दारातून आलं. आत्या होती. अडुसष्ट वर्षांची आत्या एकवीस वर्षांची असल्यापासून कारखान्याचा फोन घेई आणि तक्रारींचं रजिस्टर लिही. तक्रार नोंदवणं हा तिचा स्वभाव होता की व्यवसाय, हे घरात कधी ठरलं नव्हतं. तिचं म्हणणं, एका बटणाचं इतकं स्तोम माजवायचं कारणच काय. बटण आहे, दाबायचं असतं, दाबलं की व्हायला हवं. अशी दोन विरुद्ध दोन फळी झाल्यावर दादाला धीर आला. त्याने सांगितलं, की एवढंच असेल तर पाच मिनिटांत तार काढतो.

"आणि टोकाची पट्टी?" चौकशीने विचारलं. "पान अठ्ठ्याऐंशी. ती गुंडाळलेली पट्टी हाच माझा पुरावा आहे. फाडून टाकलीस ना?"

"मी काही टाकत नाही," दादा दुखावला. हे मात्र सगळ्यांना मान्य होतं; कारखान्यात आजोबांच्या काळातले वाकडे खिळेसुद्धा होते. त्याने खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "पट्टी आहे. चिठ्ठीपण आहे आतली."

"कसली चिठ्ठी?"

"असते ना," दादा म्हणाला. "अर्धवट ठेवलेल्या तारेला चिठ्ठी असते. आजोबांचा नियमच होता. टोक मोकळं सोडायचं नाही. काय राहिलंय ते लिहायचं, टोकाला गुंडाळायचं, वरून पट्टी. खाली कोणत्याही पोऱ्याला विचार."

चौकशीने कधी विचारलं नव्हतं. ती पट्टी तिने शंभरदा पाहिली होती, तिचा चार कोनांतून फोटो काढला होता, तिच्यावर साडेतीन पानं लिहिली होती. उलगडली नव्हती. अभ्यासाच्या जागी ढवळाढवळ करायची नाही, असं तिला समाजशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि हा एकच नियम तिने आयुष्यात प्रश्न न विचारता पाळला होता.

तिने डबी उघडली. चिठ्ठी पिवळी पडली होती, सुरळीचा बाक अजून गेला नव्हता. पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते: नंतर जोडणे.

अक्षरांना शिरोरेघ नव्हती. आजोबा पट्टीने आखल्यासारखी शिरोरेघ देत. वेळ वाचतो म्हणून शिरोरेघ न देणारा या घरात एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली येत होता, कारण न्यायाधीशांनी बटण दाबल्यावर आज लिफ्ट फार घाई करते असं त्याला सकाळीच जाणवलं होतं.

अप्पा आत आले, टेबलावरची डबी पाहिली, चिठ्ठी पाहिली, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी जितक्या चपळाईने मागे फिरता येतं तितके फिरले. वहिनीने दाराशी खुर्ची ठेवली होती. ते बसले.

"अप्पा," चौकशी म्हणाली, "काय झालं होतं?"

"जेवायला हाक मारली होती."

"मी मारली होती," आत्या म्हणाली. आता तिची बाजू कोणती, हे तिचं तिलाच ठरवावं लागणार होतं. "दोनदा मारली. ताट गार होत होतं."

अप्पांनी मग सगळं सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. दिवा जोडून झाला, तेवढ्यात हाक आली, चिठ्ठी लावली, पट्टी गुंडाळली, वर गेले. जेवून खाली आले तर बाबांनी लिफ्ट सुरूसुद्धा केली होती आणि शेजारपाजारचे खालीवर करत होते. बटण दाबलं की दिवा लागत होता. जोडलंय असं अप्पांनाही वाटलं.

"लक्षात कधी आलं?"

"चार दिवसांनी."

"मग?"

"तोवर सगळे खूश होते," अप्पा म्हणाले.

तीनशे बेचाळीस पानांत तिला जे मांडायला जमलं होतं, ते या माणसाने चार शब्दांत सांगितलं होतं, आणि तेही सबब म्हणून.

"मला का नाही सांगितलंत? मी अकरा महिने तिथे बसले होते. तुम्ही रोज दोनदा माझ्या अंगावरून गेलात."

अप्पा चिठ्ठीची सुरळी बोटांनी सरळ करत राहिले. ती पुन्हा पुन्हा गुंडाळली जात होती. "तू तो जाडजूड ग्रंथ आणून हातात दिलास. मी पहिलं पान वाचलं. बाबांची दूरदृष्टी. म्हटलं, पुढे कुठेतरी माझी चूक लिहिलेली असणार. म्हणून पुढे वाचलं नाही." मग म्हणाले, "बाबा जन्मभर म्हणायचे, याच्या हातून एक काम पुरं होत नाही. खरंच होतं ते. पण गाजलं ते तेवढं एकच."

तिला हसू आलं असतं, पण साठ पानं गेली होती. बावीस वर्षं तिने देशोदेशीच्या परिषदांमध्ये आजोबांची गोष्ट सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी सभागृहात लोकांनी मान डोलावली होती. ती गोष्ट एका गार होणाऱ्या ताटाची होती.

यानंतर टेबलाभोवतीच्या फळ्या पुन्हा हलल्या. दादा, जो तासाभरापूर्वी बंद बटणापायी तोंड दाखवायला लाजत होता, तो आता म्हणाला, की तार काढतो, तीच पट्टी तशीच गुंडाळतो, इंजिनिअरच्या बापाला कळणार नाही. आत्या त्याला सामील झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. चिठ्ठी कोणी बघितलीय, आपण पाच जण, आणि आपण काय बोलणार आहोत? अप्पांनी सुचवलं, की ते चारच्या सुमाराला न्यायाधीशांकडे जाऊन बसतील. वहिनी एकटी विरुद्ध पडली.

"आत कीड आहे हे दिसल्यावर वरून चांदी भरून मी पेशंट घरी पाठवत नाही," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी तोच पेशंट ठणकत परत येतो. आणि वन्सं, तुम्ही तर काय, तुम्हाला स्वतःलाच झोप लागायची नाही. तुम्ही मला रात्री फोन करणार."

"मी कोणाला फोन करत नाही," चौकशी म्हणाली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ती आत्याच्या काखेतल्या रजिस्टरकडे बघत होती. आत्या ते झोपतानाच तेवढं खाली ठेवी.

"आत्या, ही लिफ्ट बसवल्यापासूनच्या तक्रारी आहेत तुझ्याकडे?"

"आहेत तर. पाच रजिस्टरं. एकही पान फाटलेलं नाही."

"या बटणाची तक्रार आली कधी?"

आत्याने डोळे मिटले. तिला रजिस्टर उघडावं लागत नसे. लिफ्टचा गाडा वाजतो, अकरा. दिवे मिचमिचतात, नऊ. दवाखान्याच्या औषधाचा वास येतो, सव्वीस. "बटणाची नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही कशी? मागे तो पिवळा दिवा गेला होता. तेव्हा एका दिवसात तीन आल्या. बटण बिघडलं म्हणून. हा दादा मुंजीच्या वयाचा असेल तेव्हा. अप्पाने बल्ब बदलला, की बंद."

चौकशी खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकली.

"हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" आत्या म्हणाली. "जगाला विचारत फिरलीस. मी तिसऱ्या मजल्यावर होते."

चौकशी उठली. खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखी नाही, तर पुढचं काम दिसलेल्या माणसासारखी. तिसरं प्रकरण चूक होतं. साफ, ठळक, साठच्या साठ पानं चूक. पण बटण कोणी का जोडलं नाही, हा प्रश्न मुळात छोटा होता. तो आजोबांवरच्या प्रेमापोटी तिने मोठा केला होता. खरा प्रश्न हा, की जोडलेलं नाही हे बटण दाबणाऱ्या कोणालाही शेहेचाळीस वर्षांत का खटकलं नाही. आणि त्याचं उत्तर दोन माणसांकडे होतं. एक जेवून आल्यावर गप्प बसला, आणि दुसरीने तक्रार न आल्याची नोंद ठेवली. दूरदृष्टी कोणालाच नव्हती. तशी गरजही पडली नव्हती. वस्तू जगात उतरल्या की माणसं त्या पुऱ्या करून घेतात. करणाऱ्याचं जेवण झालं असो वा नसो.

"तार काढू?" दादाने विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "चिठ्ठी मला दे. अप्पा, तुम्ही कुठेही जायचं नाही. आत्या, रजिस्टरं आण, पाचही."

"ती खाली जात नाहीत," आत्या म्हणाली.

"मग समिती वर येईल."

एक वाजेपर्यंत तिने चार पानं लिहून काढली. जेवायची हाक तीनदा मारावी लागली. तिसऱ्या हाकेला अप्पा म्हणाले, तिला लिहू दे, पुरं होऊ दे, आणि आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते आपलं ताट उचलून गॅलरीत गेले.

चारला समिती आली. समाजशास्त्राच्या बाई, डिझाइनचे गृहस्थ आणि अभियांत्रिकीचे प्राध्यापक; ते उंच, मितभाषी, आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. चौकशीने त्यांना लिफ्टसमोरच उभं केलं आणि प्रस्तावना न करता सांगितलं, की माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण चूक आहे, हे आज सकाळी साडेदहाला कळलं, कसं कळलं ते या चार पानांत आहे, आणि खाली माझी सही आहे. डिझाइनचे गृहस्थ सभ्यपणे खोकले. अभियांत्रिकीवाल्यांनी पानं घेतली नाहीत. ते लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी बटण दाबलं. दार मिटलं. मग दार उघडलं.

"हे तर चालतंय," ते म्हणाले.

"कालपासून," दादा म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून."

प्राध्यापकांनी ही माहिती चेहऱ्यावर काही न दाखवता पचवली. वर गेल्यावर त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, पट्टी उजेडाला धरून बघितली, मग चार पानं सावकाश वाचली, आणि नेमका तोच प्रश्न अप्पांना विचारला.

"लक्षात कधी आलं?"

"चार दिवसांनी," अप्पा म्हणाले. "तोवर सगळे खूश होते."

प्राध्यापकांनी चिठ्ठी जपून डबीत ठेवली. "आमच्या प्रयोगशाळेत असे दोन स्विच आहेत," ते म्हणाले, कोणाकडेही न बघता. "एक माझा आहे."

त्यानंतर समितीचं समितीपण उरलं नाही. समाजशास्त्राच्या बाईंना आत्याची मुलाखत हवी होती. आत्याने सांगितलं, शनिवारी फक्त तातडीचं घेते. डिझाइनच्या गृहस्थांना तो पिवळा दिवा बघायचा होता, आणि वहिनीने त्यांना जाता जाता खालच्या डाव्या दाढेबद्दल सावध केलं. अभियांत्रिकीवाले अप्पांशेजारी बसून दोन तास तारांबद्दल बोलत होते. निघताना ते चौकशीला म्हणाले, की शेरा मी मागे घेत नाही. तो बरोबर होता, तुमचं काम एका बटणावरच उभं आहे. त्याच्या खाली एक ओळ लिहीन, की बटण पाहिलं.

आठव्या दिवशी पत्र आलं. केंद्र मंजूर, प्रमुख म्हणून तिची नेमणूक, आणि एक संपूर्ण टेबल. दादाने चिठ्ठी काचेत मढवून कारखान्यात लावली, आजोबांच्या फोटोच्या खाली, अप्पांच्या म्हणण्यानुसार जरा जास्तच खाली. अप्पांनी प्रबंध वाचायला घेतला आणि ते बाराव्या पानावर पोचले.

त्याच आठवड्यात आत्याच्या रजिस्टरमध्ये मंगळवारी एक नोंद झाली. चौथा मजला, निवृत्त न्यायाधीश. लिफ्टमधील 'दार बंद' हे बटण नादुरुस्त असून तीनदा दाबण्यास वेळ मिळत नाही. सबब ते पूर्ववत करून मिळावे. पुढच्या रकान्यात, केलेल्या कामाच्या, दादाचं अक्षर होतं: तार काढली.